नावाच्या जागी एक घोट

दोमलांची आठवण माझ्याकडे आधी कानातून येते. वेलिंग्टनच्या सकाळी वारा लाकडी कुंपणाच्या फळ्यांमधून शीळ घालत असायचा आणि त्याच्या मधोमध पलीकडच्या अंगणातून एक आवाज उठायचा. घशाच्या अगदी तळाशी, जिथे आपण मराठी माणसे केवळ आवंढा गिळायला जातो, तिथून निघालेला एक ‘क’. कोरड्या विहिरीत दगड पडावा तसा. मग किंचित वर सरकलेला ‘ग’, मग घासत जाणारा ‘ख’, मग टाळू, मग दात, आणि शेवटी मिटलेल्या ओठांवरचा एक ‘म’, जो बराच वेळ रेंगाळून वाऱ्यात विरून जायचा. गवयाने पहाटे खर्ज लावावा तसा घशापासून ओठांपर्यंतचा हा प्रवास ते रोज करीत. ते नवे शेजारी राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटले, पलीकडे कुणीतरी फार आजारी आहे.

न राहवून मी मऊ खिचडीचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. दार त्यांच्या मुलीने, गुलनोराने, उघडले. ती इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि आई गेल्यावर एकट्या पडलेल्या वडिलांना ताश्कंदहून घेऊन आली होती.

“बाबांना बरं नाही का?” मी विचारले.

तिने डब्याचे झाकण उघडून वास घेतला. “आजारी नाहीत ते, प्राध्यापक आहेत,” ती म्हणाली. “पण हा डबा मी परत देणार नाही.”

दोमला हे त्यांचे नाव नव्हे. उझबेक लोक विद्यापीठातल्या शिक्षकाला दोमला म्हणतात, जसे आपण ‘सर’ म्हणतो. फक्त त्या शब्दाला जुन्या मदरशांच्या भिंतींचा गारवा आहे. आयुष्यभर त्यांनी आपल्या भाषेच्या बोलींचा अभ्यास केला आणि उतारवयात आपल्याच शास्त्राचा इतिहास शिकवला. दोन हजार तीन साली ते आमच्या टेकडीवर आले तेव्हा तिथे त्यांची भाषा जाणणारे एकच माणूस होते, आणि ते रोज सकाळी सातच्या गाडीने कामावर जायचे. म्हणून तो आवाजांचा रियाज. “तोंड आधी विसरतं, किझिम. डोकं नंतर,” ते म्हणायचे. किझिम म्हणजे ‘माझी मुलगी’. पहिल्या भेटीपासून त्यांनी मला दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारली नाही.

आमच्यातली भाषा होती हिंदी, आणि ती त्यांनी चित्रपटगृहात कमावलेली. त्यांच्या तरुणपणी ताश्कंदमध्ये हिंदी चित्रपटांना रांगा लागत. परिणामी त्यांच्याकडे रोजच्या वापराचे हिंदी नव्हतेच. होते ते सगळे निर्वाणीचे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, ज्याला इथे डेअरी म्हणतात, गुजराती मालक दुधाचा डबा पुढे सरकवायचा, आणि दोमला छातीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणायचे, “आप का यह एहसान मैं मरते दम तक नहीं भूलूँगा.” मालक मला नंतर कुजबुजत विचारायचा, “बहेन, काका को घर में कोई तकलीफ है?” आमचे ते सगळे बोलणे मी येथे मराठीत देते आहे. त्यातला चित्रपट गाळूनच त्यांचे शब्द मला ऐकू येतात, इतकी मला त्यांची सवय झाली होती.

ते आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मी आपल्याकडच्या रीतीने कप काठोकाठ भरला. बशीत चार थेंब सांडले की आदरातिथ्याला कमी पडले नाही असे वाटते, तो आपला जुना हिशेब. त्यांनी कपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, तो उकळता चहा मुकाट्याने संपवला, छातीवर हात ठेवला आणि उठून गेले. असे तीनदा झाले. अखेर गुलनोरा हसत हसत कुंपणापाशी आली. त्यांच्याकडे पाहुण्याला चहाची वाटी अर्धीच भरून देतात. म्हणजे ती पुन्हा पुन्हा भरता येते, आणि तो बसून राहतो. भरलेली वाटी म्हणजे, प्या आणि निघा. मी ओशाळून दोमलांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “मला वाटलं, तुमच्याकडच्या बायका फार स्पष्टवक्त्या असतात. मला ते आवडलं होतं.”

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात अर्ध्या कपांचे दिवस सुरू झाले. माझी मुलगी शाळेतून यायची, दप्तर टाकायची, “हाय दोमला, यू ऑलराइट?” म्हणून आत जायची. ती गेल्यावर ते हळूच विचारायचे, “हिला तुझी भाषा कळते?” मी म्हणायचे, “कळते. उत्तर इंग्रजीत देते.” ते मान हलवायचे. “कळते म्हणजे अजून मुळाला ओल आहे.” पण त्यांच्या आवाजात दिलासा नसे. कोरडे पडत चाललेले पुष्कळ पाट त्यांनी पाहिलेले होते.

याच टेबलाशी बसून मी त्यांच्या शास्त्राची जन्मकथा ऐकली. ते म्हणत, आमचे शास्त्र जन्माला आले ते परदेशातच. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी एक माणूस गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांमधून फिरला, तंबूतंबूतून शब्द वेचले आणि बगदादसारख्या परक्या शहरात बसून त्या बोलींचा कोश रचला. तोही अरबीत, अरबांसाठी. “म्हणजे बघ, घरापासून लांब बसून आपल्या भाषेबद्दल परक्याला सांगणं, ही आमची पहिलीच रीत.” मग चारशे वर्षांनी हेरातमध्ये एक कवी झाला. दरबार फारसीचा, मान फारसीचा. त्याने म्हातारपणी लिहून दाखवले की माझ्या आईच्या भाषेत जे आहे ते तुमच्या गोड फारसीत नाही. आणि पुराव्यादाखल त्याने काय मांडले, तर रडण्याची क्रियापदे. आतल्या आत दाबून धरलेले रडणे वेगळे, बारीक सुरातले वेगळे, कण्हत केलेले वेगळे, मोकळ्या गळ्याचे वेगळे.

“तुझ्या भाषेत किती आहेत?” त्यांनी विचारले.

मी सांगत गेले. मुसमुसणे. स्फुंदणे. हुंदके देणे. ओक्साबोक्शी. हमसाहमशी. गळा काढणे. भोकाड पसरणे. टाहो फोडणे. न्याहारीच्या रिकाम्या खोक्यांच्या कापलेल्या पट्ट्या त्यांच्या खिशात नेहमी असत. एका पट्टीवर एक शब्द, अशी त्यांनी माझी रडणी टिपून घेतली. प्रत्येकासाठी विचारायचे, आवाज येतो की नाही? खांदे हलतात? दुसऱ्यांदेखत चालते? मुसमुसणे मी त्यांना करून दाखवले. ते नीट ऐकत होते, नाकपुड्यांच्या हालचालीकडे वैद्याच्या नजरेने बघत होते. खिडकीवर दक्षिणेकडून आलेला पाऊस आडवा आपटत होता. त्या दुपारी मला कळले की कॉलेजात मराठी कविता शिकताना मी शब्दांचा फक्त रंग पाहिला होता. हा माणूस त्यांची नाडी बघत होता.

लिप्यांची गोष्ट ते हसत सांगत, पण ते हसू ओठांवरच थांबायचे. त्यांच्या आईला अरबी लिपी येत होती. मोठा भाऊ शाळेत गेला तेव्हा सरकारने लॅटिन आणली होती. हे स्वतः शाळेत गेले तोवर रशियन अक्षरे आली. आणि आता देश स्वतंत्र झाल्यावर नातवंडांच्या पिढीला पुन्हा लॅटिन. “एका घरात एकच भाषा, एकाच चुलीभोवती बसून बोललेली. पण आईनं लिहून ठेवलेलं मला वाचता येत नव्हतं, आणि माझी पुस्तकं आता मुलांना वाचता येत नाहीत. प्रत्येक वेळी आम्हा भाषावाल्यांनाच बोलावलं गेलं. या, नवी अक्षरं बसवा. प्रत्येक वेळी आधी बसवणाऱ्यांना शिक्षा झाली.”

रविवारी मी आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहामागच्या खोलीत इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवत असे. दोमला एकदा माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या ओळीत, मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले. त्या दिवशी ‘ळ’ होता. मुले ‘बाल’, ‘केल’, ‘शाला’ करीत होती. माझे समजावणे संपेना. तेवढ्यात मागून एक स्वच्छ, गोल, पाण्यातल्या गोट्यासारखा ‘ळ’ आला. “केळं,” दोमला म्हणाले. मुलांनी माना वळवल्या.

“काकू, हाऊ कम ही कॅन डू इट?” एका मुलीने तक्रारीच्या सुरात विचारले.

“इट्स हीप्स ईझी,” एकदम सोपं आहे, असे दोमला तिच्याच उच्चारात म्हणाले, आणि जीभ उलटी कशी वळते ते आपल्या तळहाताने करून दाखवू लागले. पाच मिनिटांत खोलीभर केळी, बाळे आणि काळे कावळे झाले. मी खिडकीपाशी उभी राहून पाहत होते. मुलांच्या पुढे उभे राहिल्यावर त्यांची पाठ सरळ झाली होती, गालांवर रंग चढला होता.  परत येताना ते म्हणाले, “वर्ग असला की माणूस मरत नाही. माझ्याकडे आता वर्ग नाही.”

त्याच आठवड्यात त्यांनी मला त्या घोटाची गोष्ट सांगितली.

त्यांच्या गुरूंना सगळे रहिम आका, म्हणजे रहिमदादा, म्हणत. दरवर्षी पहिल्या तासाला रहिम आका वर्गापुढे उभे राहत, कोटाचे वरचे बटण लावत आणि आपण कुणाकडून शिकलो ते सांगून मगच विषयाला हात घालत. मदरशांमधली ही पद्धत नव्या विद्यापीठात गुपचूप तग धरून राहिली होती. ज्ञान कोणत्या हातांतून आले ते आधी सांगायचे. रहिम आका म्हणायचे, “मी शिकलो...” आणि थांबायचे. टेबलावरची गार चहाची वाटी उचलायचे, एक घोट घ्यायचे, आणि पुढे विषय सुरू करायचे. वर्षानुवर्षे हेच. विद्यार्थ्यांना वाटले, हा थोर विद्वानांचा शिष्टाचार आहे. दोमला आणि त्यांचे सोबती पुढे स्वतः शिकवू लागले तेव्हा तेही व्याख्यानाआधी गार चहाचा एक घोट घेऊ लागले. त्यांचे विद्यार्थीही. “अर्ध्या देशात भाषाशास्त्राचा तास त्या घोटानं सुरू व्हायचा,” दोमला म्हणाले. “आम्हाला त्याचा अभिमान होता.”

रहिम आका अंथरुणाला खिळले तेव्हा दोमला भेटायला गेले होते. बोलता बोलता सहज म्हणाले, उस्ताद, घशाला तर गरम चहा बरा, तुम्ही नेहमी गार का घ्यायचात? रहिम आका आधी इतके हसले की खोकल्याने जीव घाबरा झाला. मग त्यांनी सांगितले. त्या घोटाच्या जागी एक नाव होते.

ते नाव होते त्यांच्या गुरूंचे. विसाव्या शतकाच्या विशीत जी तरुण मंडळी घोड्यांवरून खेडोपाडी हिंडली, कोणत्या गावात कोणता स्वर कसा उच्चारतात ते टिपत फिरली, आणि ज्यांच्या टिपणांवर या शास्त्राचा नवा जन्म झाला, त्यांच्यापैकी ते एक. खेड्यांतल्या माणसांच्या तोंडी जितके स्वर आहेत तितके सगळे नव्या लिपीत राहिले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. काही वर्षांनी वारे फिरले. जास्तीचे स्वर मागणारा माणूस जनतेचा शत्रू ठरला. एका पहाटे त्यांना घेऊन गेले. पुन्हा कुणी त्यांना पाहिले नाही. त्यांच्या पुस्तकांतून नाव खोडले गेले, आणि वर्गात ते नाव उच्चारणारा दुसऱ्या दिवशी वर्गात नसे. रहिम आकांना खोटे नाव घ्यायचे नव्हते आणि खरे घेता येत नव्हते. म्हणून घोट. गार अशासाठी की चहा गरम असता तर तो पिण्यासाठीच घेतला असे त्यांचे त्यांनाच वाटले असते.

“मग तुम्ही घेतलंत ते नाव?” मी विचारले. “नंतर तर सगळं मोकळं झालं.”

“दरवर्षी ठरवायचो,” ते म्हणाले. “पहिल्या तासाला उभा राहायचो, बटण लावायचो, गुरूंचं नाव घ्यायचो. त्यांच्या गुरूंपाशी आलो की हात वाटीकडे जायचा. किझिम, भीती माझ्या डोक्यात नव्हती. ती हाताला पाठ झाली होती. असाच निवृत्त झालो.”

“मला तरी सांगा.”

“स्वयंपाकघरात नाही.” ते पहिल्यांदाच माझ्याशी कठोरपणे बोलले. “ज्या जागी ते गिळलं, त्या जागी ते परत ठेवायचं आहे. शिकवणारा उभा हवा, शिकणारा बसलेला हवा. एकदा तरी. नाहीतर माझ्याबरोबर ते नाव संपलं.”

मग मी धावपळ केली. मी जिथे अर्धवेळ काम करीत होते त्या वाचनालयात गुरुवारी दुपारी लहानशी व्याख्याने होत. मी त्यांचे नाव दिले, विषय दिला: उझबेक भाषाशास्त्राचा उगम आणि विकास. दोघांनी मिळून इंग्रजी भाषण तयार केले. ते कुंपणापाशी उभे राहून मोठ्याने म्हणायचे आणि मी इकडे कपडे वाळत घालता घालता ऐकायचे. प्रत्येक वेळी ते गुरूंच्या नावापर्यंत येत, मग म्हणत, “इथं ते. त्या दिवशी.”

त्या दिवशी खोलीत मोजकी माणसे होती. दोन निवृत्त इंग्रज गृहस्थ, रशियन शिकणारा एक विद्यार्थी, विणकाम करणाऱ्या एक आजीबाई, आणि माझ्या शब्दाखातर आलेल्या आमच्या मंडळातल्या मंदाताई व त्यांच्या जाऊबाई. गुलनोरा कामावरून थेट आली होती. तिच्या कपड्यांना रुग्णालयाचा स्पिरिटचा वास होता. दोमला उभे राहिले. कोटाचे वरचे बटण लावले. “मी रहिम आकांकडून शिकलो,” ते म्हणाले. “आणि रहिम आका शिकले...”

वाचनालयाच्या सेवाभावी बाईंनी वक्त्यासाठी टेबलावर पाण्याचा पेला ठेवलेला होता. मी तो पाहिला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचा हात उठला. त्यांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवताना तो टेबलावर थरथर वाजला. क्षणभर ते आमच्याकडे पाहत राहिले, पण त्यांना आम्ही दिसत नव्हतो. मंदाताईंना वाटले घसा कोरडा पडला; त्या उठल्या आणि पाण्याचा जग आणखी जवळ सरकवून ठेवला.

व्याख्यान उत्तम झाले. बगदादचा कोशकार, हेरातचा कवी, लिप्यांचे फेरे, सगळे त्यांनी मांडले. टाळ्या पडल्या. बाहेर मंदाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “छान बोलले हो. पण हात फार कापत होता त्यांचा. लेक लॅबमधेच आहे ना? शुगर बघून घ्यायला सांग.”

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. बोगद्यांतून गाडी बाहेर पडली की खाली राखाडी बंदर दिसायचे, पुन्हा अंधार, पुन्हा बंदर. “सगळे मेले, किझिम,” ते एकदम म्हणाले. “पकडणारे मेले. पहारेकरी मेले. तो देशही मेला. त्या खोलीत एक म्हातारी लोकर विणत होती. आणि तरी माझा हात गेला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही. मी अर्धा कप भरायचे, तो तसाच गार व्हायचा. हिवाळ्यात त्यांच्या हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली. पायांना सूज आली, जिना चढताना ते मध्येच भिंतीला धरून उभे राहत. मग त्यांनी जाहीर केले की मला परत जायचे आहे. डॉक्टर नको म्हणाले. गुलनोरा रडली, भांडली, शेवटी तिकीट काढून आली. तिला रजा नव्हती. ओळखीचे एक कुटुंब त्याच विमानाने जात होते.

निघायच्या सकाळी तिने गोल पाव भाजला होता. मधोमध ठशाने नक्षी टोचलेला, वर काळे तीळ. त्यांच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाने पावाचा एक घास तोडायचा आणि उरलेला पाव घरात टांगून ठेवायचा. तो परतला की त्यानेच संपवायचा. दोमलांनी वाकून दातांनी एक तुकडा तोडला. गुलनोराने पाव फडक्यात बांधला आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवला. ती मान वर न करता ते करीत होती. स्वयंपाकघरभर भाजलेल्या तिळांचा उबदार वास होता, आणि आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

ते इथल्या वसंत ऋतूच्या सुरुवातीला ताश्कंदमध्ये वारले. गुलनोराने मला ते कुंपणापाशी सांगितले. पाव तिने काढला नाही. मी अजूनही तिच्याकडे जाते तेव्हा तो खिळ्यावर असतो, दगडासारखा कडक.

पण मला सांगायचे आहे ते त्या निघण्याच्या सकाळचे. सामान गाडीत चढले होते, गुलनोरा किल्ल्या शोधत आत गेली होती. मी आमच्या पायऱ्यांपाशी उभी होते. दोमला फाटकातून आत आले, धापा टाकत, एका हाताने कठडा धरून. मी पुढे झाले तसे त्यांनी तळहात उभा करून मला थांबवले.

“बस,” ते म्हणाले.

मी ओल्या लाकडी पायरीवर बसले. त्यांनी कठडा सोडला. पाय जवळ घेतले, पाठ सरळ केली. सुजलेल्या बोटांनी कोटाचे वरचे बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत केली नाही. वारा त्यांच्या पांढऱ्या केसांत शिरत होता. त्यांनी रहिम आकांचे नाव घेतले. रहिम आका कुणाकडून शिकले, इथपर्यंत ते आले आणि थांबले. त्यांचा उजवा हात उठला. हवेतच राहिला. मग त्यांनी तो डाव्या हाताने घट्ट धरून खाली आणला, माझ्या डोळ्यांत पाहिले आणि स्वच्छ, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले,

“सोतिबोल्दी.”